मोफसल : एका विशेषणाची कैफियत

हिंदुस्थानातून इंग्रजी भाषेत जी विशेषणे गेली, त्यांपैकी ‘पक्का’ आणि ‘कच्चा’ ही दोन सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याच पंक्तीत बसणारे, पण इंग्लंडातील सामान्य वाचकाला सहसा न भेटणारे, असे एक तिसरे विशेषण आहे. ते म्हणजे ‘मोफसल’. कायद्याच्या जुन्या ग्रंथांत, कंपनी सरकारच्या पत्रव्यवहारात आणि आपल्या देशातील इंग्रजी वृत्तपत्रांत ते वारंवार आढळते, इतरत्र क्वचित. या शब्दाचा अर्थ आणि त्याच्या वापराचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्या निमित्ताने आपल्या वाङ्मयीन व्यवहारातील एका सवयीचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा शब्द आम्हांस केवळ कोशातला शब्द वाटत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. बऱ्हाणपुरातील शनवारा दरवाजाच्या सावलीत राहून मराठी शिकविणाऱ्या माणसाला हे विशेषण केव्हा ना केव्हा स्वतःला लावून पाहावेच लागते.

शब्द मूळचा अरबी आणि फारसीच्या वाटेने आलेला. ‘मुफस्सल’ म्हणजे वेगळे केलेले, सुटे करून मांडलेले, विस्ताराने सांगितलेले. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘मुजमल’, म्हणजे गोळाबेरजेने सांगितलेले. ज्या धातूपासून ‘मुफस्सल’ झाला, त्याच धातूची इतर अपत्ये आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. ‘तपशील’ हा त्यांपैकी सर्वांत सात्त्विक. भांडण तोडणारा ‘फैसला’ त्याच कुळातला. वर्षाचे भाग पाडणारी ‘फसल’ आणि तिच्यावरून चाललेला ‘फसली’ सन हेही त्याच कुळातले. आमच्या गावच्या उर्दू-हिंदी बोलण्यात दोन ठिकाणांमधील अंतराला ‘फासला’ म्हणतात, तोही याच घराण्याचा. वेगळे करणे ही मूळ क्रिया. वेगळे करून नीट पाहिले की तपशील होतो, आणि वेगळे करून दूर ठेवले की फासला होतो. ‘मुफस्सल’ या शब्दात या दोन्ही शक्यता होत्या. पुढे इंग्रजी राज्यकारभारात त्यांतील दुसरी शक्यता पहिलीला कशी गिळून बसली, हीच या विशेषणाची कथा आहे.

मूळचा ‘तपशीलवार’ हा अर्थ सोडून शब्द ‘जिल्ह्याकडचा, बाहेरचा’ या अर्थाला कसा गेला, याची संगती लावणे कठीण नाही. राज्यकारभारात एकंदर आकडा मुख्य ठाण्यात राहतो. गावोगावचा, शेताशेताचा हिशेब बाहेर राहतो. जेथे तपशील असतो ते ठिकाण ‘मुफस्सल’ आणि जेथे बेरीज होते ते ठिकाण ‘सदर’, अशी ही जोडी मानता येते. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती, अग्रभाग, मानाची जागा. या जोडीतील एका शब्दाला मराठीने घरात घेतले. वाड्यातील सदर, कागदपत्रांतील ‘सदरहू’, वृत्तपत्रातील नेमाने येणारे सदर, ही सारी त्याचीच रूपे. त्याचा सोबती मात्र कचेरीच्या ओट्यावरच उभा राहिला. मराठी माणसाने ‘घाटावरचा’, ‘देशावरचा’, ‘बाहेरगावचा’, ‘आडगावचा’ अशी आपली विशेषणे वापरली. ‘मोफसल’ हा शब्द त्याने वकिलांकडे आणि बातमीदारांकडे सोपविला.

इंग्रजी कारभारात या शब्दाला अधिकृत प्रतिष्ठा मिळाली ती वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या न्यायव्यवस्थेत. जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मोफसल दिवाणी अदालत’ आणि कलकत्त्यास ‘सदर दिवाणी अदालत’ अशी ती रचना होती. पुढे १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा सुप्रसिद्ध कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी शब्दांनी इंग्रजीत जाऊन काय वेष घेतला, याची नोंद करणारा तो ग्रंथ आहे. त्यात ‘मोफसल’ची जुनी उदाहरणे देताना त्यांनी १७८१ मधील हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’चा दाखला घेतला असून तेथे हा शब्द छापताना चुकलेला आहे. वृत्तपत्रात येऊ लागला त्या काळात तो राजधानीच्या जुळाऱ्याच्याही हाताला नीट लागत नव्हता.

या कोशकारांच्या विवेचनातील एक गोष्ट फार मोलाची आहे. हा शब्द सापेक्ष आहे, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. कलकत्त्यातील माणूस ‘मोफसल’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कलकत्त्याबाहेरचा सारा बंगाल असतो. काशीतील अधिकारी तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्याला काशी सोडून भोवतालचा मुलूख अभिप्रेत असतो. म्हणजे एकाच वेळी काशी ही मोफसलही आहे आणि सदरही आहे. ‘काळा’, ‘उंच’, ‘गोड’ ही विशेषणे वस्तूच्या अंगचा गुण सांगतात. ‘मोफसल’ हे विशेषण वस्तूविषयी काहीच सांगत नाही. बोलणारा कोठे बसला आहे, एवढेच ते सांगते. व्याकरणदृष्ट्या ते नामाला चिकटलेले असले तरी अर्थदृष्ट्या ते वक्त्याला चिकटलेले आहे. कोशकारांनी हे सांगितले, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र काढला नाही. ज्या विशेषणात वर्ण्य वस्तूचा एकही गुण नाही, त्याने त्या वस्तूची प्रतवारी करता येणार नाही, हा तो निष्कर्ष. प्रत्यक्षात प्रतवारीच झाली.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण न्यायाच्या क्षेत्रातले आहे. १८३६ मध्ये मेकॉलेने मोफसलातील युरोपियनांना दिवाणी दाव्यांपुरते कंपनीच्या न्यायालयांखाली आणणारा कायदा पुढे केला, तेव्हा कलकत्त्यातील गोऱ्यांनी त्याला ‘काळा कायदा’ म्हणून झोडपले. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १८८३ मध्ये, इल्बर्ट विधेयक आले. इलाख्याच्या राजधानीत हिंदी दंडाधिकारी गोऱ्या आरोपीचा खटला चालवू शकत असे. तोच अधिकार जिल्ह्यातील हिंदी न्यायाधीशाला द्यावा, असे हे विधेयक. त्यावर एवढा गदारोळ उठला की १८८४ मध्ये निम्मे सभासद युरोपियन अगर अमेरिकन असलेली ज्युरी मागण्याचा हक्क गोऱ्या आरोपीला देऊन तडजोड करावी लागली. एकच शिक्षण, एकच परीक्षा, एकच कायदा. पण न्यायाधीशाची खुर्ची शहराच्या हद्दीबाहेर सरकली की त्याच्या निर्णयशक्तीविषयी शंका घेता येई. ‘मोफसल’ हा शब्द तेव्हा केवळ भूगोल सांगत नव्हता. कोणी कोणाचा निवाडा करावा, हे तो ठरवीत होता.

याच शब्दाचा अभिमानाने स्वीकार केल्याचेही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले बॅरिस्टर जॉन लँग यांनी १८४५ मध्ये इंग्रजी वृत्तपत्र काढले आणि त्याचे नावच ‘मोफसलाइट’ ठेवले. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना ते पत्र बोचत असे. झाशीचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी आपली बाजू मांडण्यासाठी वकील म्हणून ज्यांना बोलाविले, ते हेच लँग. राजधानीपासून दूर असलेल्या एका मराठी राणीने न्यायासाठी ‘मोफसल’ हे नाव मिरविणाऱ्या माणसाचा आधार घ्यावा, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

स्वातंत्र्यानंतर हा शब्द इंग्लंडच्या इंग्रजीत विरळ झाला, पण आपल्याकडे मेला नाही. बंगालीत तो ‘मफस्सल’ म्हणून इतका रुजला आहे की तेथील कथा-कादंबऱ्यांत लहान शहराचे एक संपूर्ण वातावरण त्यातून उभे राहते. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, २००२ मध्ये कोयंबेडू येथे बाहेरगावच्या गाड्यांसाठी जे प्रचंड स्थानक उघडले, त्याच्या इंग्रजी नावातच ‘मोफसल’ हे विशेषण बसविले. मराठीत शब्द रुजला नाही. प्रश्न असा की वृत्तीही रुजली नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना सारा दोष इंग्रजीच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. लॅटिनमध्ये शहरावरून सुसंस्कृततेचे विशेषण निघाले आणि जिंकलेल्या प्रांतावरून संकुचितपणाचे. आपल्याकडे ‘नागर’ म्हणजे चतुर आणि ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य, हा भेद इंग्रज येण्यापूर्वी कितीतरी शतके शास्त्रात मान्य होता. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पददोषांची यादी दिली, तीत ‘ग्राम्य’ हा दोष आहे. आधुनिक मराठी समीक्षेने ‘ग्राम्य’ सोडले आणि ‘ग्रामीण’, ‘प्रादेशिक’, ‘आंचलिक’ अशी सौम्य विशेषणे घेतली. आमच्यासारख्यांसाठी ‘बृहन्महाराष्ट्रीय’ हे भारदस्त विशेषण आहे. या विशेषणांमागचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तथापि त्यांची रचना तपासली तर ती ‘मोफसल’च्याच जातीची निघतात. पुण्यातील पेठांवर लिहिलेल्या कादंबरीला आपण ‘प्रादेशिक’ म्हणत नाही. मुंबईच्या चाळीवरील कथेला ‘आंचलिक’ म्हणत नाही. ती नुसती कादंबरी आणि नुसती कथा. विशेषण लागते ते बाहेरच्याला. येथेही ते वाङ्मयाचा गुण सांगत नाही, समीक्षकाची बैठक सांगते.

आता या बैठकीचा वाङ्मयेतिहासाशी ताळा घालून पाहू. मराठी गद्याचा आद्य ठेवा म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी सिद्ध केले ते विदर्भातील रिद्धपूर येथे, कोणत्याही राजसभेत नव्हे. आणि त्या ग्रंथाचे सामर्थ्य कशात आहे? श्रीचक्रधर कोणत्या गावी होते, कोणत्या देवळाच्या कोणत्या भागात बसले होते, जवळ कोण होते, कोण काय म्हणाले, याच्या निष्ठापूर्वक केलेल्या नोंदीत. मूळ अरबी अर्थाने ते ‘मुफस्सल’ चरित्र आहे.

अर्वाचीन काळाकडे यावे. केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ मध्ये निघाले ते जळगावास, नारायण नरसिंह फडणीस यांच्या संपादनाखाली. मराठीतील पहिले कविसंमेलन १९०७ मध्ये भरले तेही जळगावास; आणि धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती तेथेच. केशवसुतांनी आपल्या आयुष्यातील अखेरची बरीच वर्षे फैजपूरच्या शाळेत मुलांना शिकविण्यात घालविली. आमच्या बऱ्हाणपुराहून ते गाव फार दूर नाही. याच फैजपुरास १९३६ मध्ये राष्ट्रसभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. भास्कर रामचंद्र तांबे यांचे आयुष्य देवास, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांत गेले. या सर्व गोष्टी पाठ्यपुस्तकांत सुट्यासुट्या आहेत. त्या एकत्र ठेवल्या की आधुनिक मराठी कवितेचा एक मोठा भाग ‘सदर’ सोडून ‘मोफसला’त घडला, हे मान्य करावे लागते.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्यांची कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि मराठी रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. हे स्वागत मनापासूनचे होते, यात शंका नाही. परंतु पुढील काळात त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग एका निरक्षर शेतकरी स्त्रीला हे सुचले कसे, या आश्चर्यात खर्ची पडला. आश्चर्य हे समीक्षेचे आरंभस्थान असू शकते, मुक्काम नव्हे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या शेतीच्या एकामागून एक येणाऱ्या कामांवर त्यांनी स्वतंत्र कविता रचल्या. प्रत्येक कामाची हालचाल वेगळी, हत्यार वेगळे, वाऱ्याशी आणि बैलांशी असलेले नाते वेगळे. आणि तदनुरूप कवितेची चालही वेगळी. हा तपशील ज्याने वाचला नाही त्याने बहिणाबाईंना नमस्कार केला, पण त्यांची कविता वाचली नाही, असे आम्हांस म्हणावे लागते. ‘खानदेशी’ हे विशेषण लावून त्यांची वेगळी पूजा मांडली की फासला कायम राहतो.

दृष्टीची दिशा उलटी करण्याचे काम भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ मधील ‘कोसला’ने केले. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्यास शिकावयास जातो. तोपर्यंत शहराने खेड्याकडे पाहावे, हा रिवाज होता. येथे बाहेरून आलेला तरुण शहराची वसतिगृहे, मंडळे, संमेलने न्याहाळतो आणि त्यांचा तपशील देतो. सापेक्ष विशेषण उलटे फिरविता येते, हे या कादंबरीने कोणताही सिद्धान्त न सांगता दाखविले. तिच्या भाषेविषयी मतभेद झाले व ते होणे स्वाभाविक होते. पण त्यानंतर ‘सदर’ कोणते, हा प्रश्न पूर्वीइतका सोपा राहिला नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. मोफसल वृत्ती म्हणून काही असतच नाही काय? लहान गावातील साहित्यमंडळात परस्परस्तुती चालते. दहा वर्षांपूर्वी राजधानीत शिळी झालेली शैली तेथे नवी म्हणून मिरविली जाते. जाणकार वाचकाच्या अभावी लेखकाला आपली चूक कळत नाही. हे सारे आम्ही पाहिले आहे, आणि आम्ही स्वतः त्यात सामील नव्हतो असेही म्हणवत नाही. परंतु या दोषांचे पृथक्करण केले तर काय दिसते? शिळ्या शैलीचे अनुकरण हा दोष आपल्या गावाला धरून राहण्यातून येत नाही. तो राजधानीकडे डोळे लावून बसल्यामुळे येतो. वाङ्मयीन अर्थाने खरा मोफसल लेखक तो, ज्याच्या लिखाणात त्याच्या गावचा तपशील नाही. उलट, आपले गाव तेवढे खरे आणि शहर तेवढे खोटे, असा डांगोरा पिटणारा लेखकही त्याच विशेषणाचा गुलाम असतो. त्याने फक्त चिन्ह बदललेले असते. केंद्राची गरज आम्ही नाकारीत नाही. केशवसुतांची कविता ग्रंथरूपाने १९१७ मध्ये वाचकांच्या हाती आली ती हरिभाऊ आपट्यांमुळे, आणि आपटे पुण्याचे. बेरीज करणारा कोणीतरी हवाच. बेरजेने तपशिलाला कमी लेखू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आमच्या गावाचा इतिहास या विशेषणाची परीक्षा पाहण्यास जणू मुद्दाम घडला आहे. बऱ्हाणपूर ही फारुकी राजांची राजधानी, पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये येथे आला तो शहाजादा परवीज येथे होता म्हणून. त्या दिवशी रो हा बाहेरचा होता आणि बऱ्हाणपूर हे सदर होते. १७६० मध्ये उदगीरच्या तहाने शहर पेशव्यांकडे आले, नंतर शिंद्यांकडे, आणि १८६१ मध्ये इंग्रजांकडे. त्यानंतर जिल्ह्याचे ठाणे खंडवा झाले आणि बऱ्हाणपूर मोफसल ठरले. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती व त्या राज्यात मराठीला राजभाषेचे स्थान होते. राज्यपुनर्रचनेत मराठी जिल्हे पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला आणि शहर पुन्हा एकदा, लहान प्रमाणावर का होईना, सदर झाले. या साऱ्या काळात तापी जागची हलली नाही, शनवाराही हलला नाही. विशेषणे तेवढी आली आणि गेली.

शेवटी एक कबुली देणे आम्हांस भाग आहे, कारण तिच्याशिवाय वरील उपदेश एकांगी होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने ‘आमच्या गावचे पाणी’ या विषयावर निबंध लिहिला. त्यात त्याने येथील प्रसिद्ध कुंडी भंडाऱ्याचे वर्णन करताना ‘कुंडी’ हा शब्द पुनःपुन्हा वापरला होता. हा शब्द पुस्तकी मराठीत फुलझाडाच्या भांड्याला लावतात, परीक्षकाचा गैरसमज होईल, असे मनाशी म्हणून आम्ही तांबड्या शाईने प्रत्येक ‘कुंडी’ खोडली आणि वर ‘विहीर’ लिहिले. मुलाने मुकाट्याने वही घेतली. पुढे काही दिवसांनी तो भंडारा स्वतः पुन्हा पाहताना आमची चूक आमच्या ध्यानात आली. जहांगिराच्या कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, बांधलेल्या त्या रचनेत सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे वाहते, आणि त्या बोगद्यावर ठराविक अंतराने सुमारे शंभर उभी कूपके काढली आहेत. त्यांतून हवा व उजेड खाली जातो, सफाई करता येते, पाणीही काढता येते. हीच कुंडी. विहीर एकटी असते. कुंड्या एकमेकींशी खालून जोडलेल्या असतात. मुलाचा शब्द बरोबर होता. आमच्या दुरुस्तीने वाक्य प्रमाण झाले आणि त्यातील पाणी वाहावयाचे थांबले.

तो विद्यार्थी शाळा सोडून गेला आहे. त्याची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. परंतु तेव्हापासून वही तपासताना अपरिचित शब्द भेटला की आम्ही आधी मुलाला विचारतो, ‘हे म्हणजे नेमके काय?’ आणि त्याचे उत्तर ऐकल्यावरच शाई वापरतो. अनेकदा शाई वापरावी लागते. मुले चुका करतात आणि त्या दाखविणे हे आमचे कामच आहे. पण काही वेळा लेखणी खाली ठेवावी लागते.

शिक्षकबंधूंना आणि परीक्षण लिहिणाऱ्या सभासदांना आमची विनंती याच स्वरूपाची आहे. एखाद्या पुस्तकाला ‘प्रादेशिक’ वा ‘बृहन्महाराष्ट्रीय’ असे विशेषण लावण्यापूर्वी त्या पुस्तकातील निदान एक तपशील असा सांगावा, जो त्या लेखकाखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता आला नसता. तो सापडला तर विशेषणाची बहुधा गरज उरणार नाही. तो सापडला नाही तर पुस्तकातील उणीव तीच आहे, असे स्पष्ट लिहावे. लेखक कोणत्या गावी राहतो, हे सांगून ती झाकू नये.